खोटे खडक, जांभळं आभाळ

गेल्या अंकात मी जाता जाता एक वाक्य लिहिलं होतं. पावसाने घरात कोंडलं म्हणून ‘स्टार ट्रेक’चा पहिला सीझन पुन्हा बघून काढला, आणि हल्लीच्या बऱ्याच मालिकांपेक्षा तो धीट वाटला, असं काहीतरी. रंगमंचावरच्या प्रकाशयोजनेच्या सदरात हे अंतराळयान शिरलं कुठून, असं संपादकांनी तेव्हा विचारलं होतं. पत्रांचा गठ्ठा आल्यावर तेच म्हणाले, ह्या वेळी सदर त्याच्यावरच करा.

ज्यांनी बघितलेलं नाही त्यांच्यापुरतं: एनबीसी ही अमेरिकन वाहिनी, ८ सप्टेंबर १९६६ ते १३ एप्रिल १९६७, भाग २९. यानाचं नाव एंटरप्राइज, कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा स्पॉक आणि सदा कुरकुरणारा डॉक्टर मॅकॉय. निर्माता जीन रॉडनबेरी. बाकीचं उत्तरांत येईल.

प्रश्न: तुमचं वाचून पहिल्या भागापासून सुरुवात केली. तर माणसांच्या अंगातलं मीठ शोषणारा केसाळ प्राणी निघाला. दुसऱ्यात एक चिडका मुलगा लोकांना गायब करतो. तिसऱ्यात डॉक्टरच वेगळा, कपडेही वेगळे! माझा क्रम चुकतोय का? — एफवायची विद्यार्थिनी, भांडुप

उत्तर: तुझा क्रम बरोबर आहे. गोंधळ वाहिनीचा आहे. भाग बनले एका क्रमाने आणि दाखवले दुसऱ्याच. मिठाचा प्राणी, म्हणजे ‘द मॅन ट्रॅप’, सगळ्यांत आधी बनलेला नाही. पण त्यात राक्षस आहे, लोकांना पटकन कळेल, म्हणून वाहिनीने तो पुढे काढला.

त्याआधीची हकिकत अशी. रॉडनबेरीने नमुन्याचा भाग केला, ‘द केज’. त्यात कर्क नाहीच, पाइक नावाचा कॅप्टन आहे. वाहिनीला तो डोक्याला फार ताण देणारा वाटला. एरवी अशा वेळी मंडळी चहा पाजून वाटेला लावतात. इथे चक्क दुसरा नमुना मागवला. तो दुसरा नमुना म्हणजे तू तिसऱ्या नंबरावर बघितलास तो भाग. म्हणून त्यात मॅकॉय नाही, यानाचे संदेश सांभाळणारी उहुरा नाही, गणवेश निराळे. पुढे पैशांची ओढाताण झाली तेव्हा नाकारलेल्या ‘द केज’ची फिल्म बाहेर काढली, तिच्याभोवती कोर्टाची गोष्ट रचली आणि ‘द मेनाजरी’ नावाचे दोन भाग उभे केले. त्याला १९६७ सालचा ह्यूगो हा विज्ञानकथांचा पुरस्कार मिळाला. काटकसरीला एवढा मोठा मान मिळालेला मी दुसरीकडे बघितला नाही.

तू सुरुवात ‘द कॉर्बोमाइट मनूव्हर’पासून कर. नेहमीच्या संचात सगळ्यांत आधी बनलेला भाग, दाखवला मात्र दहावा. समोर भलंमोठं गोल यान, दहा मिनिटांची मुदत, सुटकेचा रस्ता नाही. स्पॉक म्हणतो, बुद्धिबळात ह्याला मात म्हणतात. कर्क म्हणतो, हे बुद्धिबळ नाही, पोकर आहे. आणि तो बेधडक थाप मारतो. शेवट सांगत नाही.

आणि मिठाच्या भागावर एवढी चिडू नकोस. त्यासाठी भविष्यातल्या मीठदाण्या हव्या होत्या. प्रॉपर्टीवाल्याने चित्रविचित्र आकाराच्या शोधून आणल्या, मग लक्षात आलं की ह्या मीठदाण्या आहेत हे प्रेक्षकाला कळणारच नाही. पडद्यावर साध्या वापरल्या. चित्रविचित्र होत्या त्या डॉक्टर मॅकॉयच्या हातात शस्त्रक्रियेची हत्यारं म्हणून गेल्या. पुढे त्या रोग्यांवरून फिरताना दिसतील.

प्रश्न: दूरदर्शनवर रविवारी सकाळी आम्ही ही मालिका बघायचो. चेकॉव्ह नावाचा रशियन पोरगा मला पक्का आठवतो. नातवाबरोबर आता बघतोय तर पहिल्या सीझनमध्ये तो कुठेच नाही, क्लिंगॉनांच्या कपाळावरचे उंचवटेही नाहीत. कापाकापी केली आहे काय? — एक आजोबा, विलेपार्ले

उत्तर: कापाकापी नाही. चेकॉव्ह दुसऱ्या सीझनमध्ये आला. क्लिंगॉन, म्हणजे मालिकेतली लढवय्यी शत्रू जमात, पहिल्यांदा येतात ते ‘एरंड ऑफ मर्सी’ ह्या भागात, सीझन संपत आल्यावर, आणि त्यांची कपाळं तुमच्या-माझ्यासारखी सपाट आहेत. उंचवटे आले १९७९ च्या चित्रपटात, तेव्हा रंगभूषेला पैसे होते.

तुमच्याकडे तेव्हा रंगीत सेट होता का? दूरदर्शनला रंग आला १९८२ मध्ये, पण आमच्या मजल्यावर पुढची बरीच वर्षं कृष्णधवलच होता. मी ती मालिका पहिल्यांदा करड्या रंगातच बघितली, म्हणजे माझ्या धंद्याचा सगळा ऐवज सोडून बाकीचं बघितलं. पुढच्या पत्राचं उत्तर तुम्हीही वाचा.

प्रश्न: आमची हौशी संस्था आहे. राज्य नाट्य स्पर्धेला एक विज्ञाननाट्य करावं असं चाललंय. कोणीतरी ह्या मालिकेचं नाव सुचवलं म्हणून चार भाग बघितले. खडक थर्मोकोलचे वाटतात, आकाश पडद्याचं, गुहेची जमीन गुळगुळीत. ह्यातून आम्ही काय शिकायचं? — गिरगावातली नाट्यसंस्था

उत्तर: गुहेची जमीन स्टुडिओची फरशी आहे, बरोबर ओळखलंत. खडकही खोटे आहेत. आता आवाज बंद करून पुन्हा बघा, आणि ह्या वेळी फक्त भिंतींकडे बघा.

यानातल्या भिंती मुळात करड्या आहेत. जेरी फिनरमन ह्या छायालेखकाने त्यांच्यावर रंगीत जिलेटिन लावलेले दिवे मारले. एका प्रसंगात कोपरा जांभळा, दुसऱ्यात हिरवा, कर्कच्या खोलीत तांबूस. एकच बोळ चार वेगवेगळ्या मजल्यांचा म्हणून खपवलाय. ग्रहांवरचं आभाळही तसंच. मागे कोरा पडदा, त्यावर आज नारिंगी, उद्या हिरवा, परवा जांभळा. खडक तेच, फक्त जागा बदललेल्या. ग्रह नवा! ह्याला व्यापारी कारणही होतं. एनबीसीची मालक कंपनी आरसीए, आणि आरसीए रंगीत टीव्ही विकायची. भडक रंग हवेच होते. फिनरमनने त्या भडकपणातून भाव काढला, हे त्याचं श्रेय. परळच्या दामोदर नाट्यगृहात मोजके स्पॉट आणि एक खरखरणारा डिमर घेऊन मी कामगार स्पर्धेतली नाटकं उजळलीत, त्यामुळे ह्या माणसाबद्दल मला जरा जास्तच माया आहे हे मान्य.

आणखी एक बघा. दारं आपोआप सरकतात ना? आपोआप काही नाही. मागे माणूस उभा, तो दोरी ओढतो, आवाज नंतर भरलाय. त्याची वेळ चुकली की नट दारावर आपटायचा. माणसं विरघळून दुसरीकडे उमटतात ती युक्तीही गरजेतून आली. दर आठवड्याला एवढं मोठं यान ग्रहावर उतरवायला पैसा कुठला? मग यान वरच ठेवा, माणसंच खाली पाठवा. काळ्या पार्श्वभूमीसमोर चमचमती अ‍ॅल्युमिनियमची भुकटी सोडून तिचं चित्रण केलं, झालं काम. सुरुवातीला त्यांच्याकडे छोटं यानसुद्धा नव्हतं. ‘द एनिमी विदिन’मध्ये यानाचं सुकाणू सांभाळणारा सुलू आणि त्याचे सोबती गोठणाऱ्या ग्रहावर अडकतात आणि वरून कोणी त्यांना आणायला जात नाही, कारण जायचं ज्यातून ते वाहन अजून बनवलेलंच नाही!

तुम्ही स्पर्धेसाठी बघायचा भाग एकच, ‘बॅलन्स ऑफ टेरर’. रोम्युलन नावाचे शत्रू इथे पहिल्यांदा येतात. त्यांचं यान अदृश्य होतं, म्हणून लढाई पाणबुड्यांसारखी चालते: थांबायचं, कान द्यायचा, अंदाज बांधायचा. नेपथ्य दोन खोल्यांचं. एक आपल्या कॅप्टनची, एक त्यांच्या. दोघं कधी समोरासमोर उभे राहत नाहीत. कर्कच्या फक्त डोळ्यांवर उजेडाची एक पट्टी पाडली आहे, बाकी चेहरा मंद. मार्क लेनर्ड हा नट पलीकडचा कॅप्टन. थकलेला, स्वतःच्याच सरकारच्या युद्धाला कंटाळलेला, आणि तरी हुकूम पाळणारा. ह्या बाजूला आपल्याच यानावरचा एक अधिकारी स्पॉकच्या कानांकडे बघून त्याच्यावर संशय घेतो, कारण शत्रूचे कान तसेच निघालेत. कर्क त्याला तिथल्या तिथे झापतो. एवढ्या ऐवजात शिवाजी मंदिर गच्च बसवता येईल. तुम्ही थर्मोकोल मोजत बसलात.

प्रश्न: ‘स्पेस सीड’ भागातला खान नूनियन सिंग भारतीय आहे म्हणतात. मग पगडी नाही, दाढी नाही, असा कसा? मुलगा विचारतोय. — एक पालक, गोरेगाव

उत्तर: मुलाला सांगा, भागातली इतिहासतज्ज्ञ बाई त्याच्याकडे बघून नुसता अंदाज करते, की हा उत्तर भारतातला, बहुधा शीख असावा. नाव खान, पुढे सिंग, काम करणारा रिकार्दो मोंतालबान मेक्सिकोत जन्मलेला. हॉलिवूडला तेव्हा एवढा भारत पुरत होता. पण माणूस काय रुबाबात वावरतो! इतकी वर्षं गोठून पडलेला, उठतो तो थेट यान ताब्यात घ्यायलाच.

गोष्टीत खान १९९२ ते १९९६ पृथ्वीच्या पाव भागाहून अधिक प्रदेशावर राज्य करत होता, आशियापासून मध्यपूर्वेपर्यंत. त्या काळात आपल्या शहराचं नाव १९९५ मध्ये अधिकृतपणे मुंबई झालं. खानसाहेबांचा त्यात हात होता असं कुठे नोंदलेलं नाही. भागाच्या शेवटी कर्क त्याला तुरुंगात न टाकता एका ओसाड ग्रहावर सोडतो. त्याचं पुढे काय झालं हे बघायला १९८२ चा चित्रपट आहे. पण मुलाला आधी हा भाग नीट बघू द्या.

प्रश्न: समानतेसाठी ह्या मालिकेचं एवढं कौतुक होतं, मग आखूड झगे, कॉफी आणून देणाऱ्या मुली, घाबरून कॅप्टनला बिलगणाऱ्या मुली, हे तुम्हाला दिसत नाही का? — एक प्राध्यापिका, कांदिवली

उत्तर: दिसतं ताई. ‘मड्स विमेन’ मी ह्या वेळी अर्ध्यावर बंद केला, खाणवाल्यांकडे बायका पोचवण्याची ती गोष्ट आता बघवत नाही. ‘द एनिमी विदिन’ त्याहून वाईट. कर्कचे यंत्रातल्या बिघाडामुळे दोन तुकडे होतात, दुष्ट तुकडा रँड ह्या आपल्याच सहकारी मुलीवर हात टाकतो, आणि शेवटी स्पॉक तिला मिश्कीलपणे विचारतो की त्या तोतयात काही गुण लक्षवेधी होते, नाही का? तेव्हाच्या प्रेक्षकांना हसवायला टाकलेलं ते वाक्य. आज दगड वाटतं. रँडचं काम करणारी ग्रेस ली व्हिटनी सीझनच्या मध्यावरच मालिकेतून गेली.

पहिल्या, नाकारलेल्या नमुन्यात यानाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी बाई होती. काम माजेल बॅरेटचं. दुसऱ्या नमुन्यात ती जागा गेली, आणि तीच नटी पुढे सोनेरी केसांची नर्स होऊन परतली. बढती उलटी.

दुसरी बाजू एवढीच. उहुराचं काम करणाऱ्या निशेल निकल्सला पहिल्या सीझननंतर सोडून रंगभूमीवर जायचं होतं. मार्टिन ल्यूथर किंग भेटले आणि म्हणाले, तुम्ही सोडायचं नाही. हे तिनेच पुढे अनेकदा सांगितलंय. वाक्यं थोडी असली तरी ती यानाच्या मुख्य कक्षात अधिकारी म्हणून बसलेली होती, १९६६ सालच्या अमेरिकेत, काळी बाई. आणि पडद्यामागे डी. सी. फॉन्टाना होती. ‘टुमॉरो इज यस्टर्डे’ तिचं, ‘धिस साइड ऑफ पॅरडाइज’ची पटकथा तिची. डोरोथी हे नाव वाचलं की लोक आधीच मत बनवतात म्हणून तिने नुसती आद्याक्षरं लावली. तुमच्या विद्यार्थिनींना तो दुसरा भाग दाखवा. प्रेमात पडलेला स्पॉक आणि त्याला शुद्धीवर आणण्यासाठी मुद्दाम वाटेल तसं बोलणारा कर्क, त्यात लिहिणारीचा हात कळतो.

प्रश्न: मी गिरणीत साचे चालवले, बंद पडेपर्यंत. मुलाने ‘द डेव्हिल इन द डार्क’ दाखवला. खाणकामगारांची गोष्ट म्हणून आवडला. पण शेवट पटला नाही. त्या दगडी प्राण्याची हजारो पोरं बोगदे खोदणार, माल कंपनी नेणार, आणि सगळे खूश. मजुरी कोणाला? — लालबाग

उत्तर: लालबागकर, पत्रांत हा सवाल सगळ्यांत भारी. ज्यांनी भाग बघितला नाही त्यांना गोष्ट सांगायला हवी.

एका ग्रहावर खाण आहे. अंधारात काहीतरी येतं आणि कामगारांना जाळून टाकतं. पन्नासांवर माणसं गेलीत. राहिलेले हातात सोटे घेऊन उभे. भिंतींत ठिकठिकाणी सिलिकॉनचे गोळे सापडतात, हजारोंनी. कामगार ते फोडून टाकतात, कशाचे आहेत कोणाला ठाऊक? कर्क आणि स्पॉक त्या प्राण्यापर्यंत पोचतात. तो म्हणजे सरपटणारा खडकच, नाव हॉर्टा. जखमी झालाय. स्पॉक त्याला हात लावून त्याचं मन वाचतो आणि कळतं ते असं, की ही आई आहे. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची सगळी जात मरते, एकच मागे उरते, अंड्यांची राखण करायला. गोळे म्हणजे ती अंडी.

मला आवडतं ते पुढचं. कामगार खलनायक ठरत नाहीत. त्यांचे सोबती मेलेत, ते घाबरलेत, सूड हवाय त्यांना. खरं कळल्यावर ते ज्या चेहऱ्यांनी उभे राहतात ते बघा. मॅकॉय वैतागतो, मी डॉक्टर आहे, गवंडी नाही, आणि मग तिची जखम सिमेंटने लिंपून बरी करतो.

हा भाग जीन कून ह्या माणसाने लिहिला, आणि माझी तक्रार आहे की त्याचं नाव फार कोणी घेत नाही. सगळे हार रॉडनबेरीला. कून सीझन सुरू झाल्यावर निर्मितीत आला. ‘अरीना’ त्याचा: सरड्यासारखा गॉर्न आणि कर्क एकमेकांना मारायला सोडलेत, आणि मग कळतं की त्याच्या लेखी आपणच त्याच्या हद्दीत घुसलोय. ‘एरंड ऑफ मर्सी’ त्याचा: युद्धाला उतावीळ झालेला कर्क स्वतःच्याच ताठ्यापायी तोंडघशी पडतो. ‘अ टेस्ट ऑफ आर्मगेडन’च्या लेखनात तो आहे: दोन ग्रह कॉम्प्युटरवर युद्ध खेळतात, यंत्राने मेलेले ठरवलेले नागरिक शिस्तीत चालत मरणयंत्रात जातात, शहराची एक वीटही पडत नाही. रोम्युलनांचा भाग पॉल श्नायडरने लिहिला, पण समोरच्यालाही घर असतं, घाबरायला कारण असतं, ही वाट कूनने सीझनभर चालवली. त्याआधी ही राक्षसांची मालिका होऊ शकली असती. तो १९७३ मध्ये गेला. मालिकेचं पुढे काय वाढलं ते त्याला बघायला मिळालं नाही.

हॉर्टाच्या भागाच्या चित्रीकरणात कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरला वडील गेल्याचं कळलं. विमानाला वेळ होता तोवर तो काम करत राहिला. आपल्याकडे अशा गोष्टी डोळे पुसत सांगतात. मुंबईत १९११ साली ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाला बालगंधर्व मुलगी गेलेली असताना उभे राहिले, ते आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मला ते ऐकताना नेहमी वाटतं, प्रयोग रद्द केला असता तर काय बिघडलं असतं?

आता तुमची मजुरी. हॉर्टा खडक खातात. बोगदे हे त्यांचं जेवण आहे, मागे उरतं ते खनिज, म्हणजे पोरं कंपनीसाठी राबत नाहीत, ती जेवताहेत. हा कूनचा बचाव. तरी तुमची शंका उरतेच. करार स्पॉकच्या मध्यस्थीने झाला, शेवटच्या चार मिनिटांत, आणि आपण आता गडगंज होणार ह्या आनंदात खाणीचा प्रमुख हसतोय. खनिज संपल्यावर बोगदे कोणाचे, ह्याचा उल्लेख नाही. युनियनचा माणूस लिहायला बसला असता तर पाचवं मिनिट लागलं असतं. त्याची भरपाई म्हणून एक गंमत सांगतो: स्पॉक सांगतो की हॉर्टाला माणसांचं रूप किळसवाणं वाटलं, पण हळूहळू सवय होईल म्हणाली. स्पॉकचे कान मात्र तिला आवडले.

थोडक्यात:

‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ सर्वोत्तम का नाही, असं माहीमहून विचारलंय. उत्तम आहेच, १९६८ चा ह्यूगो त्यालाच आहे. लेखक हार्लन एलिसन आपली संहिता बदलली म्हणून पुढे आयुष्यभर चिडलेला राहिला. माझं मन हॉर्टाकडे जातं, एवढंच. पण तो भाग सुरुवातीला बघू नका. कर्कने स्वतःचं प्रेम बसलेल्या बाईला गाडीखाली जाऊ देणं किती जड आहे हे कळायला त्याला आधी वीसेक भाग ओळखावं लागतं.

जुनी दृश्यं की २००६ साली कॉम्प्युटरने नवी केलेली, असा प्रश्न मुलुंडचा. जुनी. यानाची अकरा फुटी प्रतिकृती वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात ठेवली आहे. ती खरी वस्तू आहे, तिच्यावर खरा दिवा पडलाय.

वगळायचा भाग कोणता, हे शीवहून. ‘द ऑल्टरनेटिव्ह फॅक्टर’. मी दर वेळी समजून घ्यायचा प्रयत्न करतो, दर वेळी चहा करायला उठतो.

पुढच्या अंकात पुन्हा नाट्यगृहांचे दिवे. दुसऱ्या सीझनची पत्रं लिहून ठेवा, संपादकांना पटवायचं माझ्याकडे लागलं. ट्रिबलांवर, म्हणजे दुसऱ्या सीझनमधल्या त्या भराभर वाढणाऱ्या केसाळ गोळ्यांवर, मात्र आत्ताच लिहू नका, ती पत्रं ट्रिबलांच्याच वेगाने वाढतात.